लिमासोलच्या वर डोंगरात घर घ्यावं का? (वणवा + उन्हाळा, त्यात सासूसासरे येणारेत)

चिपळूण_ते_लिमासोल

नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या नोव्हेंबरात सायप्रसला आलो, लिमासोलला. नवरा शिप मॅनेजमेंटच्या ऑफिसात आहे आणि मी घरून काम करते. सध्या समुद्राजवळ दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, भाडं इतकं की आईला आकडा अजून खरा सांगितलेला नाहीये.

तर आता सौनीला एक घर बघितलंय, इथून वीस-पंचवीस मिनिटं वर. तीन बेडरूम, अंगण, लिंबाची दोन झाडं, ऑलिव्हची चारपाच, गच्चीवरून खाली समुद्र दिसतो आणि भाडं आत्ताच्यापेक्षा कमी!! प्रॉब्लेम एकच, गेल्या जुलैत तिथे मोठा वणवा लागला होता. हे घर वाचलं पण समोरच्या उतारावर काळे खुंट उभे आहेत आणि गल्लीतलं तिसरं घर म्हणजे नुसत्या चार भिंती. एजंट म्हणतो, अहो सगळं जळून गेलंय, आता दहा वर्षं जळायला काही उरलंच नाही, उलट अख्ख्या बेटावर सगळ्यात सेफ जागा हीच. ऐकायला लॉजिकल वाटतं पण मनाला काही पटत नाही.

जूनमध्ये सासूसासरे दोन महिन्यांसाठी येतायत. सासरे ७४, बीपी आणि शुगर दोन्ही, सासूबाईंचे गुडघे. दोघांचं म्हणणं एकच, आम्ही कोकणातली माणसं, उन्हाळ्याचं आम्हाला काय सांगता. मला मात्र वणव्यापेक्षा उन्हाचीच जास्त काळजी वाटतेय की उलट आहे तेच कळत नाहीये. इथे उन्हाळे काढलेल्यांनी प्लीज सांगा, घाबरवलंत तरी चालेल.

चीफ_इंजिनीअर_निवृत्त

ताई, मी इथे अकरा वर्षं आहे. आधी जहाजावर, मग ऑफिसात, आता घरी बसून बायकोची बोलणी खातो. घाबरवलं तरी चालेल म्हणालीस म्हणून सरळ सांगतो.

२३ जुलै २०२५, बुधवार होता. दुपारी दीडदोनच्या सुमारास मालिया आणि आर्सोसच्या मधे आग लागली. आमच्या गॅलरीतून डोंगराच्या मागे आधी पांढरा धूर दिसला, कोणीतरी शेतातला कचरा जाळतंय म्हणालो आणि जेवायला बसलो. जेवून उठलो तर तोच धूर तपकिरी, आणि वर जाऊन समुद्राकडे वाकलेला. वारा कुठून कुठे चाललाय ते त्या वाकण्यावरून कळतं, जहाजावरची सवय. डोंगरात पारा ४४ च्या आसपास होता त्या दिवशी. अंधार पडेस्तोवर आग सौनीपर्यंत खाली आली. रात्री दोरीवरचे टॉवेल काढायला गेलो तर त्यावर राख, आणि राखेत एक अख्खं पान, पूर्ण काळं, पण शिरा न् शिरा दिसत होत्या, बोट लावलं तर भुगा. एवढ्या लांबून उडून आलेलं. मग विचार कर, जे पान पेटतं असताना उडतं ते कुठे जाऊन पडत असेल.

दोन दिवसांत १२० चौरस किलोमीटरच्या वर गेलं. आपला मुंबई शहर जिल्हा, कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, सगळा मिळून ६७-६८ आहे, त्याच्या जवळपास दुप्पट समज. शेकडो घरं गेली. मोनाग्रीजवळ एक म्हातारं जोडपं गाडीतून निघालं होतं, ते गाडीतच गेले. बाहेरून जॉर्डन, स्पेन वगैरेंनी विमानं-हेलिकॉप्टरं पाठवली तेव्हा कुठे आटोक्यात आलं. नंतर अमेरिकेचे एटीएफवाले (आगी-स्फोटांचा तपास करणारी तिथली सरकारी संस्था) तपासाला आले होते, त्यांच्या मते रस्त्याकडेला टाकलेली सिगरेट असावी. एवढ्यावरून एवढं.

एजंटचं लॉजिक एका वाक्यात सांगतो. पाईन जळाला म्हणजे सावली गेली, सावली गेली म्हणजे हिवाळ्याच्या पावसानंतर गवत. आत्ता मार्चात जाऊन बघ, कमरेपर्यंत हिरवंगार असेल, पिवळी फुलं वगैरे, तोच फोटो तो जाहिरातीत टाकेल. मे संपेपर्यंत तेच गवत कडकडीत वाळतं आणि मग ऑक्टोबरपर्यंत थेंब पडत नाही. म्हणजे जंगलाची आग कमी, गवताची जास्त, आणि गवताची आग पळते जोरात.

आता मुद्दा. जहाजावर आग लागली की आधी मस्टर, माणसं मोजायची, मग विझवायचं. घराचंही तेच. माझा एक जुना थर्ड इंजिनीअर, केरळचा मुलगा, सौनीतच वरच्या अंगाला राहायचा. त्या संध्याकाळी लाईट गेली. लाईट गेली म्हणजे प्रेशर पंप बंद, म्हणजे बागेतला पाईप हातात धरून उभा पण पाणी नाही. त्याने म्हटलं जाऊ दे, निघू. तर गेट इलेक्ट्रिक! गाडी आत, गेट बंद, रिमोट दाबतोय दाबतोय. मोटरच्या डब्यात हाताने सोडवायची किल्ली असते, ती घरमालकाकडे निकोसियात. शेवटी शेजारचे दोघे आणि तो, तिघांनी गेट रुळावरून उचलून बाजूला टाकलं. इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस, तो मला म्हणाला, सर, मी घर घेताना टाईल्स बघितल्या, गेट नाही बघितलं.

घर वाचलं त्याचं. पण पुन्हा तिथे राहायला गेला नाही.

निकोसियाची_नर्स

काकांनी वणव्याचं सांगितलं, मी उन्हाचं सांगते कारण माझ्या वॉर्डात लोक उन्हाने येतात. वणव्याची बातमी होते, उन्हाने गेलेल्या आजोबांची होत नाही, सर्टिफिकेटवर हार्ट लिहिलेलं असतं.

"आम्ही कोकणातले" हे माझे आईबाबा पण म्हणाले होते, रत्नागिरीचे. कोकणात ३५ ला माणूस घामाने भिजतो आणि आपोआप सावलीला बसतो. इथे निकोसियात ४१-४२ ला घाम येतो तो येताक्षणी उडतो, कपडे कोरडे, मग बाबांना वाटलं काही विशेष गरम नाहीये आणि गेले अकरा वाजता सुपरमार्केटला चालत. परत आले ते थोडे बडबडत आले, मला दोनदा बहिणीच्या नावाने हाक मारली. मी नर्स म्हणून कळलं, नाहीतर वय झालंय म्हणून सोडून दिलं असतं. उन्हात माणूस गोंधळला, असंबद्ध बोलायला लागला, की ती थकावट नाही, ११२ फिरवायचा आणि अँब्युलन्स येईपर्यंत अंगावर पाणी आणि वारा. मान, काख, जांघ इथे ओले फडके.

लिमासोलला पारा थोडा कमी असतो पण दमट, ते तुमच्या सासऱ्यांना ओळखीचं वाटेल. तिथला त्रास रात्रीचा. रात्र थंड होतच नाही, शरीराला सुट्टी मिळत नाही, आणि असे चारपाच दिवस लागोपाठ गेले की मग म्हातारी माणसं कोसळतात, पहिल्या दिवशी नाही.

घरात काय करायचं ते सांगते, थोडं विस्कळीत आहे पण वाचा. सकाळी आठच्या आत खिडक्या आणि शटर बंद. सासूबाई उघडतील, कारण आपल्याकडे "वारा येऊ दे" हीच सवय, माझी आई तर मी ड्यूटीवर गेले की सगळं उघडून बसायची. तिला शेवटी थर्मामीटर आणून दाखवला, बाहेर ४२ आत २८, तेव्हा पटलं. खिडक्या रात्री उशिरा उघडायच्या. ४० च्या वर नुसता पंखा म्हणजे गरम हवेचा झोत, एसी हवाच, निदान एका खोलीत, बिल येऊ दे. आणि नळाचं पाणी! टाकी गच्चीवर असते, शेजारी सोलर, जुलैत दुपारी "थंड" नळाला हात लावून बघा, चहाचं आधण. आंघोळ सकाळी किंवा मग रात्री बादल्या भरून ठेवायच्या आणि ते पाणी दुपारी वापरायचं.

सासऱ्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते चिपळूणला डॉक्टरांना विचारूनच निघायला सांगा, उन्हाळ्यात डोस बदलायचा का ते तेच ठरवतील, आपण परस्पर बंद करायची नाही. इन्सुलिन असेल तर लाईट गेल्यावर ठेवायला छोटी कूलर बॅग. कोकम सरबत चालेल पण बिनसाखरेचं, आमसुलं भिजवून, मीठ-जिरं घालून. पन्ह्याचा गूळ शुगरवाल्याला सरबत म्हणून दिवसातून चारदा देऊ नका, हे मी दोन घरांत बघितलंय.

इथे ऑरेंज इशारा आला की १२ ते ४ उन्हातली जड कामं आणि दुचाकीवरची डिलिव्हरी बंद ठेवायचा सरकारी नियम आहे. आपली नेपाळची, पंजाबची पोरं असतात त्या स्कूटरवर. जो नियम पंचविशीतल्या पोरासाठी आहे तो ७४ च्या माणसाला लावायला हरकत नाही. १२ ते ४ घराबाहेर नाही. बस.

दापोली_बागायतदार

मी सायप्रसला कधी आलो नाही पण वणवा आमच्याकडे दरवर्षी पाहुणा आहे म्हणून लिहितो. फेब्रुवारी-मार्चात कोणीतरी सड्यावर विडी टाकतो किंवा मुद्दाम गवत पेटवतो, आणि वाऱ्याने आंबा-काजूच्या बागेत घुसतं. दोन वर्षांपूर्वी माझी साठ कलमं गेली, पंधरा वर्षं जपलेली, अर्ध्या तासाचं काम.

पण काकांनी लिहिलेलं ते उडतं पान वाचून कळलं की आमचा वणवा पायी चालतो आणि तुमचा उडतो. आमच्याकडे गवत आणि पाचोळा जळतो, हिरवी फांदी आणि गोणपाट घेऊन दहा माणसं झोडपून विझवू शकतात, जाळरेषा (गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) मारलेली असेल तर तिथे येऊन थांबतो पण. पाईनमध्ये राळ, शेंडाच पेटतो, त्याला जाळरेषा काय करणार, वरून उडी मारून जाईल. तिथे फांदी घेऊन उभं राहायचा विचार कोणी करू नये.

तरी घराभोवतीची साफसफाई कुठेही सारखीच. भिंतीला टेकून लाकडाची रास नको. पन्हाळीतला पालापाचोळा काढा, कौलांच्या फटीत ठिणगी शिरते ती आधी तिथेच बसते, बाहेरून घर धड दिसतं आणि आत आढं पेटलेलं असतं. आणि ते लिंब-ऑलिव्ह राहू देत, हिरवं पाणी प्यालेलं झाड एवढं पटकन घेत नाही, त्याच्या खालचं वाळकं गवत काढा. मेच्या आत, गवताचं बी पडायच्या आधी. आम्ही दिवाळीनंतरच सुरू करतो. आणि स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर बाहेर असेल तर कुठे आहे ते बघा.

डोंगरात_सुखी

सगळे घाबरवतायत म्हणून दुसरी बाजू. आम्ही सहा वर्षं वरच्या गावात राहतो (नाव नाही सांगत, चाळीस घरांचं गाव आहे, लगेच कळेल कोण ते). ऑगस्टात रात्री पांघरूण लागतं आम्हाला, तुम्ही लिमासोलवाले एसीत झोपता. पंधरा ऑगस्टला इथे मदर मेरीचा सण असतो, तेव्हा अर्धं शहर वर डोंगरातल्या प्लात्रेस गावाकडे धावतं ते उगाच नाही. आणि पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटची लाईट ४० डिग्रीत गेली तर लिफ्ट बंद, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई काय करणार? शहर म्हणजे सेफ हे पण एजंटचंच लॉजिक झालं.

गावात माणसं एकमेकांना ओळखतात हो. आमचा मुख्तार (सरपंच समजा) दर जूनमध्ये घरोघर विचारून जातो, कोणाकडे गाडी नाही, कोण एकटं आहे. गेल्या जुलैत आमच्याकडे निरोप आला तो रेडिओच्या आधी त्याच्या फोनने. समोरची ऐंशीची आजी तर निघायलाच तयार नव्हती, कोंबड्या आहेत म्हणून. शेवटी सहा कोंबड्या बटाट्याच्या पोत्यात घालून आमच्या डिकीत, आजी पुढे, आणि लिमासोलपर्यंत आजी मला माझ्या ड्रायव्हिंगबद्दल ग्रीकमध्ये बोलत होती. ग्रीक येत नसेल तर मात्र खरंच अडचण आहे, ते मान्य. पहिल्या दिवशी बिस्किटांचा पुडा घेऊन मुख्तारकडे जा आणि नंबर देऊन या, घरात दोन म्हातारी माणसं आहेत हे त्याला माहीत पाहिजे.

चीफ_इंजिनीअर_निवृत्त

@डोंगरात_सुखी, बाई तुमचं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण सहा वर्षं राहिलेल्याचं गाव आणि जूनमध्ये नवीन आलेल्याचं गाव यात फरक आहे. २०२१ च्या जुलैत अराकापासची आग झाली, त्यात ओडूजवळ चार इजिप्शियन शेतमजूर गेले. परकी माणसं, परका डोंगर. मला ते चौघे अजून आठवतात, कारण आपणही इथे परकीच आहोत, फक्त आपला पगार बरा.

गेल्या वर्षी सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम इशारा जाण्याची सोयच नव्हती, त्यावरून लोक प्रचंड चिडले. त्यानंतर सीवाय-अलर्ट आलंय. फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी अलर्ट चालू आहे का बघ, आणि सासऱ्यांचा फोन भारतातला असेल तर त्यातही बघ. जंगलात धूर दिसला तर १४०७, वनखात्याचा नंबर.

आणि रस्ते मोज. घराकडून खाली यायला एकच रस्ता असेल तर माझं उत्तर नाही. दोन असतील, दोन वेगळ्या दिशांना, तर विचार कर.

फिरस्ता_पुणे

मी फक्त टूरिस्ट म्हणून अनुभवलंय, ग्रीसच्या रोड्स बेटावर, जुलै २०२३. कियोतारीत हॉटेल होतं. चार दिवस बातम्यांत आग डोंगरातच होती, हॉटेलवाले म्हणत होते काही नाही होत, लांब आहे. शनिवारी २२ ला दुपारी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, ११२ चा मेसेज, निघा. १९ हजार लोकांना हलवलं म्हणे त्या एका दिवसात, बसनी, बोटींनी. आम्ही किनाऱ्याने चालत निघालो आणि बायकोने हट्टाने दोन्ही ट्रॉली बॅगा घेतल्या. वाळूत चाक चालतं का कधी! दोनशे मीटरवर एक सोडली, आणि सोडली ती नेमकी औषधांची. एक बॅकपॅक भरून दाराशी ठेवा, पासपोर्ट, गोळ्या, चार्जर, आणि बंद बूट. मी चपलेत होतो. रात्र रोड्स शहरात एका शाळेत जमिनीवर काढली, गावातल्या बायकांनी गाद्या, पाणी, कापलेलं कलिंगड आणून दिलं. त्या कलिंगडासाठी मी परत जाणार आहे, पण मे महिन्यात.

निकोसियाची_नर्स

@फिरस्ता_पुणे औषधांची बॅग सोडली हे वाचून कपाळावर हात मारला :)
ताई, सासऱ्यांची प्रिस्क्रिप्शन्स फोनमध्ये फोटो काढून ठेवा, औषधाचं मूळ नाव लिहिलेली. भारतातली ब्रँडची नावं इथल्या फार्मसीत कळत नाहीत. आणि धुराचे दिवस आले की एन९५, कापडी मास्कने काही होत नाही. धूर असेल तर रात्री खिडक्या उघडायचा माझा सल्ला रद्द, तेव्हा एसी आतलीच हवा फिरवेल असा लावायचा.

चिपळूण_ते_लिमासोल

सगळ्यांचे खूप खूप आभार, परवा रात्री अहोंना अख्खी चर्चा वाचून दाखवली, ते मधे झोपले पण गेटच्या गोष्टीला जागे झाले.

काल परत गेलो घर बघायला. गवत काका म्हणाले तस्सं, कमरेपर्यंत, पिवळी फुलं, आणि एजंट खरंच म्हणाला "फोटो काढा ना!" रस्ते मोजले. नकाशावर दोन दिसतात, त्यातला एक गाडीने गेलो तर पुढे द्राक्षाच्या मळ्यात संपतो. मग मी त्याला विचारलं, लाईट गेली तर हे गेट हाताने कसं उघडायचं. त्याने आधी रिमोट दाखवला. म्हटलं रिमोट नाही, हाताने. मग मालकाला फोन, मालकाचा भावाला फोन, वीस मिनिटं आम्ही उन्हात उभे, मार्चातलं ऊन पण टोचत होतं. किल्ली काही सापडली नाही.

तर हा उन्हाळा फ्लॅटमध्येच. बिल्डिंग चार मजली आहे आणि आम्ही पहिल्या मजल्यावर, लिफ्ट गेली तरी सासूबाई उतरतील. ऑक्टोबरनंतर पुन्हा शोधू, @डोंगरात_सुखी तुमच्या गावात काही रिकामं झालं तर सांगा, बिस्किटं मी आणते. सासऱ्यांना १२ ते ४ चा नियम सांगितला फोनवर. म्हणाले, मग दुपारी घरात बसून करायचं काय? म्हटलं तुमच्यासाठी अहोंनी बुद्धिबळाचा पट आणलाय. तर म्हणतात, त्याला सांग, तो हरेल.

चीफ_इंजिनीअर_निवृत्त

पट खेळायला मी येईन. एसी २६ वर ठेवा, माझी बायको २४ वर ठेवते आणि मला सर्दी होते.